पुतेओली: जमिनीबरोबर वरखाली होणारं बंदर

नमस्कार श्रोतेहो.

इटलीच्या नकाशावर नेपल्स शोधा आणि किनाऱ्याने थोडं पश्चिमेला सरका. तिथे पोत्सुओली लागतं, रोमन काळातलं पुतेओली. नेपल्स म्हटलं की आपल्याला व्हेसुव्हियस आठवतो, पण तो पूर्वेला राहिला. पुतेओली वसलंय दुसऱ्याच ज्वालामुखीच्या पोटात. त्याचं नाव कांपी फ्लेग्रेई. त्याला शिखर नाही. सुमारे ३९,००० आणि १५,००० वर्षांपूर्वी झालेल्या महास्फोटांनंतर इथली जमीन खचली आणि बारा-पंधरा किलोमीटर रुंदीचा खोलगट प्रदेश तयार झाला. त्यातला काही भाग समुद्राखाली आहे. बंदराला आडोसा मिळाला तो यातूनच.

ग्रीकांनी इ. स. पू. सहाव्या शतकात इथे गाव वसवलं, इ. स. पू. १९४ मध्ये ती रोमची वसाहत झाली. टायबर नदीच्या मुखाशी वाळू साचायची, मोठी गलबतं आत येत नसत. म्हणून रोमला जगवणारा इजिप्तचा गहू पुतेओलीला उतरायचा आणि तिथून लहान जहाजांनी पुढे जायचा. रोमन तत्त्वज्ञ सेनेका लिहितो, की अलेक्झांड्रियाच्या ताफ्याआधी वर्दी देणाऱ्या बोटी यायच्या. काप्री बेटाजवळून आखातात शिरताना वरचं शीड उभं ठेवायची मुभा फक्त अलेक्झांड्रियाच्या जहाजांना होती, त्यामुळे लोक ती लांबूनच ओळखत आणि धक्क्यावर गर्दी करत.

या व्यापाराचं जवळून दर्शन घडवतात मेणाचा थर दिलेल्या लाकडी पाट्या. १९५९ मध्ये पाँपेईजवळ महामार्गाच्या कामात त्या सापडल्या. पुतेओलीच्या सुल्पिकी नावाच्या सावकारांचं ते दप्तर. इ. स. ३७ च्या जून महिन्यात गायुस नोवियुस एउनुस नावाच्या व्यापाऱ्याने १०,००० सेस्टर्स, म्हणजे रोमन नाण्यांचं, कर्ज काढलं. तारण काय? सरकारी वखारीतला ७,००० मोदियस (धान्याचं रोमन माप) अलेक्झांड्रियाचा गहू, म्हणजे साधारण ४५ टनांहून जास्त, शिवाय हरभरे, मसूर वगैरेंची २०० पोती. कर्जरोखा त्याने स्वतःच्या हाताने लिहिलाय, शुद्धलेखनाच्या ढीगभर चुकांसकट. सावकाराच्या माणसाने ती वखारच भाड्याने घेतली, महिना एक सेस्टर्स. भाडं नावापुरतं, पण गहू सावकाराच्या ताब्यात राहिला. दोन हजार वर्षांपूर्वीचा हा व्यवहार आजच्या कुठल्याही गोदाम-तारण कर्जाइतका चोख आहे.

पूर्वेकडचा मालही इथे यायचा. याच आखातावरच्या पाँपेईत १९३८ साली एक भारतीय हस्तिदंती स्त्रीमूर्ती मिळाली, आणि तिच्याशी नातं सांगणाऱ्या मूर्ती आपल्याकडे तेर आणि भोकरदनला सापडल्या आहेत.

आता बंदर बांधलं कसं, ते पाहू. माझ्या मते पुतेओलीची खरी कमाई तीच. साधा चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन घट्ट होतो. पाण्याखाली त्याला हवा मिळत नाही, तो वाहून जातो. पुतेओलीच्या टेकड्यांमधल्या ज्वालामुखी राखेत काचेसारखी सिलिका आणि अ‍ॅल्युमिना असते. ती चुन्याशी थेट संयोग पावते, त्यामुळे मिश्रण पाण्यातही दगडासारखं होतं. रोमन वास्तुविशारद विट्रुवियसने समुद्रातल्या बांधकामाचं प्रमाण दिलंय: राख दोन भाग, चुना एक भाग. ओकचे खांब समुद्रतळात रोवायचे, ते बांधून चौकट पक्की करायची, आतला तळ सपाट करायचा आणि कालवलेला चुना व डबर आत भरत जायचं. पाणी उपसायची गरज नाही. जिथे ही राख मिळत नाही, तिथे दुहेरी भिंतीचा बांध घालून मध्ये चिकणमाती ठासायची, आतलं पाणी उपसायचं आणि कोरड्यात बांधायचं, असंही तो सांगतो. म्हणजे खर्च आणि वेळ, दोन्ही जास्त. खाऱ्या पाण्यात वर्षानुवर्षं राहून या काँक्रीटमध्ये नवे स्फटिक वाढतात आणि ते अधिक घट्ट होतं. हीच राख जहाजाने पॅलेस्टाइनच्या सीझेरिया बंदरापर्यंत गेली. पुतेओलीच्या मोठ्या धक्क्याला मात्र सलग भिंत नव्हती. खांबांवर कमानी होत्या, त्यामुळे खालून प्रवाह वाहत राहायचा आणि गाळ साचायचा नाही. आणि राख-चुन्याचा तो संयोग आजही वापरात आहे: आपल्या पीपीसी, म्हणजे राख मिसळलेल्या, सिमेंटच्या पोत्यातली वीजकेंद्राची राख त्याच तत्त्वावर काम करते.

पण ज्या जमिनीने ही राख दिली, ती एका जागी थांबत नाही. गावातल्या रोमन बाजारपेठेत संगमरवराचे तीन खांब उभे आहेत. १७५० मध्ये ते उकरले तेव्हा लोकांना तिथे सेरापिस देवाचं मंदिर वाटलं. खांब खालून सुमारे साडेतीन मीटर गुळगुळीत आहेत. त्यावर पावणेतीन मीटरच्या पट्ट्यात भोकंच भोकं, समुद्रातल्या दगडपोखर शिंपल्यांनी पाडलेली. त्याच्या वर पुन्हा गुळगुळीत. म्हणजे खांब जमिनीसकट समुद्रात गेले. खालचा भाग मातीत दडलेला होता म्हणून वाचला, मधला पाण्यात राहिला, वरचा पाण्याबाहेर. पुढे सगळं पुन्हा वर आलं, आणि खांब पडले नाहीत! चार्ल्स लायलने १८३० मध्ये आपल्या भूगर्भशास्त्राच्या ग्रंथात मुखपृष्ठापाशी हेच चित्र छापलं. जमिनीखालचा शिलारस, वायू आणि तप्त पाणी यांचा दाब वाढला की जमीन फुगते, घटला की बसते.

१५३८ मध्ये असाच फुगवटा आला. समुद्र मागे हटला, आणि २९ सप्टेंबरला जमीन फाटली. आठवडाभरात ट्रिपेर्गोले गाव गाडलं गेलं आणि तिथे सुमारे १३० मीटर उंचीचा नवा डोंगर उभा राहिला, मोंते नुओवो. त्यानंतर चार शतकांहून अधिक काळ उद्रेक नाही. पण मार्च १९७० मध्ये जुन्या रिओने तेर्रा वस्तीतली माणसं हलवावी लागली. १९८२ ते ८४ दरम्यान जमीन सुमारे १.८ मीटर वर आली आणि जवळपास ४०,००० लोकांनी घरं सोडली. मग काही वर्षं ती बसत गेली. २००५ पासून पुन्हा चढते आहे. मार्च आणि जून २०२५ मध्ये ४.६ तीव्रतेचे भूकंप झाले.

डिसेंबर २०१२ पासून इथे पिवळा, म्हणजे सावधगिरीचा, इशारा लागू आहे. सर्वाधिक धोक्याच्या लाल क्षेत्रात सुमारे पाच लाख माणसं राहतात, आणि ती हलवण्याची योजना ७२ तासांची आहे: पहिले १२ तास तयारीला, पुढच्या ४८ तासांत लोकांना बाहेर काढायचं, आणि शेवटचे १२ तास राखीव.