अंगावर घ्यायचे छायाचित्र

श्रोतेहो, नमस्कार. मी साताऱ्यात राहते आणि छायाचित्रे काढते. मात्र गेली काही वर्षे माझी बरीचशी छायाचित्रे भिंतीवर न जाता लोकांच्या खांद्यावर गेली आहेत. आत्ता माझ्यासमोर टेबलावर एक उपरणे आहे. ते आजोबांच्या जुन्या धोतरातून काढलेले आहे. त्याच्या दोन्ही काठांवर फिल्मच्या पट्ट्यांची चित्रे उमटलेली आहेत आणि मधल्या भागात नेच्याची पाने. या उपरण्याची हकीकत सांगण्यासाठीच मी आज आले आहे, पण कापडावर छायाचित्र उमटते कसे, ते आधी थोडक्यात सांगते.

जॉन हर्शेल या इंग्रज शास्त्रज्ञाने १८४२ साली ही रीत शोधली. तिला सायनोटाइप म्हणतात. फेरिक अमोनियम सायट्रेट आणि पोटॅशियम फेरिसायनाइड हे लोखंडाचे दोन क्षार पाण्यात वेगवेगळे विरघळवून एकत्र करायचे, ते द्रावण अंधाऱ्या खोलीत सुती कापडाला लावून वाळवायचे, वर एखादे पान किंवा निगेटिव्ह ठेवायची आणि कापड उन्हात मांडायचे. जिथे ऊन पोहोचते तिथे गडद निळा रंग धरतो आणि जिथे सावली राहते तिथे कापड पांढरे उरते. नंतर साध्या पाण्यात धुतले, की झाले. दुसऱ्याच वर्षी, १८४३ मध्ये, ॲना ॲटकिन्स या वनस्पतींच्या अभ्यासक बाईंनी समुद्रातील शेवाळांची अशी निळी चित्रे करून त्यांचे पुस्तक काढायला सुरुवात केली. या कामाची भांडी मात्र स्वयंपाकघरात पुन्हा आणू नयेत. भांडी वेगळीच ठेवावीत, हे मी पुन्हा एकदा सांगते. आणि कुणी कासच्या पठारावरची फुले यासाठी खुडण्याचा विचारही करू नये. ती जिथे उमलतात तिथेच त्यांनी बी धरावे. माझी नेच्याची पाने परसातल्या विहिरीच्या कडेची आहेत.

आता उपरण्याकडे येते. या पद्धतीत चित्र निगेटिव्हच्याच मापाचे उमटते. साध्या कॅमेऱ्याच्या फिल्मवरील एक चित्र ३६ मिलिमीटर लांब आणि २४ मिलिमीटर रुंद, म्हणजे टपालाच्या तिकिटाएवढे असते. एवढ्याशा चित्राचे कापडावर करायचे काय, हा प्रश्न मला बरेच दिवस पडला होता. एकदा ३६ चित्रांचा एक अखंड रोल, न कापता, मी सहज धोतराच्या कडेला ठेवून पाहिला. त्याची लांबी दीड मीटरच्या आसपास भरली आणि फिल्मच्या कडेची भोके मोत्यांच्या ओळीसारखी काठावर बसली. तो रोल मी संगम माहुलीला काढला होता: कृष्णा आणि वेण्णा यांचा संगम, घाटाच्या पायऱ्या, धुणे धुणाऱ्या बाया. पाडलेल्या एका वाड्याच्या खिडक्यांच्या काचा मी जपून ठेवल्या होत्या. त्याच फिल्मवर दाबून ठेवल्या आणि मे महिन्याच्या उन्हात गच्चीवर उपरणे छापले. निळा रंग इतका सुरेख आला, की ते कपाटात न ठेवता मी आल्यागेल्याला दाखवीत असे.

दिवाळीच्या आधी जावळीहून आमच्या आत्या आल्या. घरातील आवराआवर त्यांनी हाती घेतली, आणि मी बाहेर गेले असताना चादरी, अभ्रे आणि माझे उपरणे असे सगळे धुण्याच्या सोड्याच्या गरम पाण्यात भिजवले. मी घरी परतले तेव्हा दोरीवर एक मातकट पिवळे फडके वाळत होते. निळा रंग कुठेही नव्हता. मला रडू आवरले नाही, आणि आत्यांना तर काय करावे ते सुचेना. ते जुने धोतर आहे एवढेच त्यांना ठाऊक होते. संध्याकाळी त्यांनी मला विचारले, "तो रंग कशाचा होता गं?" लोखंडाचा, असे मी सांगितले. त्या बराच वेळ फडक्याकडे पाहत राहिल्या आणि म्हणाल्या, "लोखंड सोड्यानं जातंय होय? हा पिवळा डाग म्हंजी गंजच की. लोखंडाच्या कढईत आवळा टाकला की काळा पडतो, तसं ह्याला काहीतरी तुरट दे."

आवळ्याचे दिवस नुकतेच सुरू होत होते, परंतु आत्यांना हिरडा अधिक भरवशाचा वाटला. जावळीच्या रानात हिरड्याची झाडे आहेत आणि बाळगुटीत उगाळायचा हिरडा आपल्या प्रत्येक घराला माहीत आहे. बाळगुटीच्या डब्यातला एक हिरडा पुरणार नव्हता, म्हणून दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही काष्ठौषधींच्या दुकानातून पावशेर हिरडा आणला, तो कुटून उकळला, पाणी गाळून निवू दिले आणि त्यात उपरणे सोडले. आरंभी काहीच घडले नाही. थोड्या वेळाने काठावर भोकांची ओळ दिसू लागली, मग घाटाच्या पायऱ्या, मग नेच्याचे एकेक पान. निळ्याऐवजी जांभळट काळ्या रंगात सारे चित्र पाण्याखाली परत आले, आणि जे कापड पूर्वी पांढरे होते त्याला दुधाच्या चहाची छटा चढली. आत्या घंगाळाशेजारी पाटावर बसून होत्या. त्या एवढेच म्हणाल्या, "धुणाऱ्या बाया आल्या बघ."

कारण अगदी साधे आहे. सोडा निळ्या रंगाची मोडतोड करतो, परंतु लोखंड धाग्यातून निघून जात नाही. ते गंजासारख्या रूपात तिथेच राहते. हिरड्यातील तुरट द्रव्य, ज्याला टॅनिन म्हणतात, ते त्या लोखंडाला धरते आणि काळा रंग तयार होतो. निळा रंग जातो, लोखंड राहते. आपल्याकडचे रंगारी कापडाला हिरड्याचे पाणी देत आले आहेत ते उगाच नव्हे, आणि हे ज्ञान आमच्या शाळेतील रसायनशास्त्राच्या तासाला कुणी कढईचे उदाहरण देऊन सांगितले असते, तर तो विषय कितीतरी मुलींना आवडला असता, असे माझे ठाम मत आहे. आता मी काही उपरणी मुद्दाम अर्धी निळी ठेवते आणि अर्धी सोड्यातून व हिरड्यातून काढते. निळे कापड निळेच ठेवायचे असेल, तर ते रिठ्याच्या पाण्यात धुवावे. सोडा मुळीच नको. रिठा चालेल, सोडा नको.

मोठी चित्रे करण्यासाठी मी एक्स-रेच्या जुन्या फिल्म वापरते. त्यांतील चांदीसाठी भंगाराच्या व्यवसायात त्यांना मागणी असते. चांदी काढून घेतल्यावर उरलेले पारदर्शक प्लास्टिक मला किलोवर मिळते आणि त्यावर काळ्या शाईने रेखाटन केले की निगेटिव्ह तयार होते.

राहिल्या खऱ्या फिल्म. बंद झालेल्या एका स्टुडिओतून मला निगेटिव्हचे दोन खोके मिळाले. कुणाचीच नावे त्यांवर नाहीत, आणि म्हणून श्रोत्यांना माझी कळकळीची विनंती आहे, की घरातील प्रत्येक छायाचित्रामागे मऊ पेन्सिलीने नाव आणि साल आजच लिहावे. ज्या निगेटिव्हमध्ये चेहरे आहेत त्यांना मी हात लावलेला नाही. धुरकटलेल्या, रिकाम्या गेलेल्या पट्ट्यांचे मात्र एक जाकीट शिवते आहे. फिल्मला सुईने नवी भोके पाडली तर ती तिथे फाटते, म्हणून एका चित्रामागे प्रत्येक कडेला जी ८ भोके असतात, त्यांतूनच दोरा ओवून पट्टीला पट्टी जोडावी लागते. फिल्मवरील जिलेटिनचा थर घामाने फुगून चिकट होतो, त्यामुळे आतून जुन्या सुती लुगड्याचे अस्तर घातले आहे.

हे जाकीट मी आज सोबत आणले आहे. ते आपल्याला दाखवता येत नाही, परंतु चालताना त्याचा आवाज होतो, वाळलेल्या कडब्याच्या पेंढीतून वारा गेल्यासारखा. मी ते अंगात घालून मायक्रोफोनजवळ दोन्ही हात हलवते. ऐका.