घरी लिहायला मनाई

श्रोतेहो, नमस्कार.

तुम्ही फोनवरून कुणाला पैसे पाठवता, तेव्हा तुमचा फोन आणि पलीकडचं यंत्र यांची आधीची ओळख नसते. कधी भेटून त्यांनी खुणेचा शब्द ठरवलेला नसतो. तरी दोघं मिळून क्षणात एक गुपित तयार करतात, तेही उघड्या रस्त्यावर, सगळ्यांच्या देखत. हे कसं जमवायचं ते ज्यांनी सर्वांत आधी शोधलं, त्यांना ते जवळजवळ पाव शतक कुणालाही सांगता आलं नाही. आज त्यांची गोष्ट.

इंग्लंडमध्ये चेल्टनहॅम नावाचं गाव आहे. ब्रिटिश सरकारची जीसीएचक्यू ही संस्था तिथली. परक्यांचे संदेश ऐकायचे आणि आपले जपायचे, हे तिचं काम. १९६० च्या दशकाच्या अखेरीस तिथले एक अभियंते, जेम्स एलिस, एका जुन्या दुखण्यावर विचार करत होते. सांकेतिक संदेश पाठवायचा तर दोन्ही टोकांना एकच किल्ली हवी. किल्ली म्हणजे संदेश उलगडणारा आकडा. आणि तो आकडा आधी माणसाच्या हाती, जपून पोचवायला हवा. हजारो ठिकाणी, पुन्हा पुन्हा. लक्षात घ्या, कुलूप अवघड नव्हतं, किल्ली पोचवणं अवघड होतं.

एलिस यांच्या वाचनात बेल टेलिफोनचा युद्धकाळातला एक अहवाल आला. त्यातली युक्ती मला फार आवडते. ज्याला फोन आला आहे, त्यानेच तारेवर खरखर सोडायची. मध्येच कान लावून बसलेल्याला नुसती खरखर ऐकू येणार. पण ज्याने ती सोडली त्याला ती ठाऊक आहे, तो ती वजा करून बोलणं ऐकणार. म्हणजे ऐकणाराच कुलूप लावायला हातभार लावतो! मग किल्ली आधी पोचवायची गरजच काय? एका रात्री अंथरुणात पडल्या पडल्या एलिस यांना वाटलं, हे आकड्यांनीही करता येईल. जानेवारी १९७० मध्ये त्यांनी तसं लिहून दिलं. पण त्यासाठी नेमकं कुठलं गणित वापरायचं, ते काही सापडेना. त्यांनाही नाही आणि संस्थेतल्या मोठमोठ्या गणितज्ञांनाही नाही. अशी तीन वर्षं गेली.

सप्टेंबर १९७३ मध्ये क्लिफर्ड कॉक्स नावाचा तरुण तिथे रुजू झाला. वय बावीस. मूळ संख्यांच्या अभ्यासात मुरलेला. काही आठवड्यांनी एका वरिष्ठाने सहज म्हणून एलिस यांचं कोडं त्याच्या कानावर घातलं. संध्याकाळी खोलीवर गेल्यावर त्याने विचार सुरू केला. आता बघा हं. कचेरीचा नियम असा, की कामाचं काहीही घरी कागदावर उतरवायचं नाही. एक ओळ नाही, एक आकडा नाही. म्हणून त्याने सगळं डोक्यातच मांडलं. असं गणित हवं जे सुलट सोपं आणि उलट अवघड. त्याला आठवल्या मूळ संख्या.

तुम्हीही करून बघा. ८३ गुणिले ९७ किती? कागद घेतलात तर मिनिटभरात ८०५१ येईल. पण मी नुसतं ८०५१ सांगून म्हटलं असतं, याचे अवयव पाडा, तर? बराच वेळ भागाकार करत बसला असता. आज इंटरनेटवर अशाच गुणाकाराचे सहाशेहून अधिक अंकी आकडे वापरतात. गुणाकार जगाला सांगायचा, त्याने कुणीही कुलूप लावावं. अवयव स्वतःपाशी ठेवायचे, त्यांनीच ते उघडतं. पुन्हा सांगतो: गुणाकार उघड, अवयव गुप्त.

कॉक्सला हे सुचायला अर्धा तास लागला. अर्धा तास! मग रात्रभर त्याने ते डोक्यात सांभाळलं, आणि सकाळी कचेरीत जाऊन कागदावर उतरवलं. २० नोव्हेंबर १९७३ ची ती छोटीशी टिपणी गोपनीय शिक्का लागून कपाटात गेली.

किल्लीचा विषय निघालाच आहे तर सांगतो. दर तीन महिन्यांनी पासवर्ड बदलायची सक्ती मला मुळीच मान्य नाही. माणसं जुन्याच पासवर्डापुढे एक आकडा वाढवतात. अमेरिकेच्या एनआयएसटी या मानक संस्थेनेही २०१७ मध्ये सांगितलं, कारण नसताना बदलायला लावू नका. लांबलचक ठेवा आणि प्रत्येक ठिकाणी वेगळा ठेवा.

तर, टिपणी कपाटात होती. तिकडे अमेरिकेत डिफी आणि हेलमन या संशोधकांनी १९७६ मध्ये, कपाटातलं काहीही ठाऊक नसताना, तीच कल्पना जाहीरपणे मांडली. १९७७ मध्ये रिव्हेस्ट, शमीर आणि ॲडलमन यांनी मूळ संख्यांचा तोच मार्ग काढला. जगाने त्यांची नावं घेतली, त्यांच्या पद्धतीवर तुटून पडून ती तपासली, आणि तपासून टिकली म्हणूनच आपण तिच्यावर विसंबतो. माझं मत स्पष्ट आहे: किल्ली गुप्त असावी, पद्धत उघड असावी. सांकेतिक लिपीचे अभ्यासक ऑगस्ट केरखॉफ्स यांनी १८८३ मध्येच हे लिहून ठेवलं होतं. सरकारं मात्र उलट जातात. १९९३ मध्ये अमेरिकी सरकारने फोनवरचं बोलणं सांकेतिक करणारी क्लिपर नावाची चिप आणली. पद्धत गुप्त, आणि प्रत्येक चिपच्या किल्लीची प्रत सरकारपाशी. पुढच्याच वर्षी मॅट ब्लेझ या संशोधकाने सरकारी ऐकण्याची ती सोय चुकवता येते हे दाखवलं. चिप बारगळली.

१९८२ मध्ये डिफी एलिस यांना भेटायला चेल्टनहॅमला गेले होते. एलिस काही फोडेनात. एवढंच म्हणाले, की आमच्यापेक्षा तुम्ही त्याचं पुष्कळ काही केलंत.

१८ डिसेंबर १९९७ रोजी सायरनसेस्टर इथल्या गणिताच्या परिषदेत कॉक्स बोलायला उभे राहिले. त्या डिसेंबरात जगाला हे पहिल्यांदा कळलं. जेम्स एलिस २५ नोव्हेंबरला वारले होते.