मधल्या महिन्यांचं काय करायचं?

(नौपाड्यातील एका वाचनालयाच्या सभागृहात झालेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

नमस्कार. संयोजकांनी मला दिलेला विषय आहे, 'ध्येयाकडे जाताना प्रेरणा कशी टिकवावी'. त्यातला एकच भाग मी आज घेणार आहे. सुरुवात कशी करावी, यावर बोलणारे पुष्कळ आहेत. यश मिळालेल्यांच्या मुलाखती निकालाच्या आठवड्यात छापून येतात. पण ज्याला सुरू करून आठ-नऊ महिने झाले, ज्याचा निकाल अजून वर्षभर लांब आहे, आणि पुस्तक उघडताना ज्याचा हात जड होतो, त्याच्याशी कुणी फारसं बोलत नाही. मी समुपदेशनाचं काम करते. माझ्याकडे येणाऱ्यांत ही मधली माणसंच जास्त असतात. आज मी त्यांच्याशी बोलणार आहे.

इथं मागच्या रांगांमध्ये वरच्या अभ्यासिकेतली मुलंमुली बसली आहेत, राज्यसेवेची तयारी करणारी. पुढच्या खुर्च्यांवर पन्नाशीनंतर पेटी शिकायला घेतलेली मंडळी आहेत. कुणी नोकरी सांभाळून एम.ए. करतंय. कुणाला डॉक्टरांनी वजन उतरवायला सांगितलंय आणि ते कचराळी तलावाभोवती रोज फेऱ्या मारतायत. ध्येयं वेगवेगळी आहेत, पण मधल्या टप्प्यावर सगळ्यांचं एकसारखंच होतं.

सोसायटीच्या गणपतीचं उदाहरण घ्या. पहिल्या दिवशी आरतीला मंडपात उभं राहायला जागा नसते. शेवटच्या आरतीलाही नसते. सहाव्या-सातव्या संध्याकाळी मात्र टाळ वाजवायला माणसं शोधून आणावी लागतात. त्या दिवशी कुणाची श्रद्धा कमी झालेली नसते. संशोधकांनी हे मोजूनही पाहिलंय. ज्यू लोकांचा हनुका हा सण आठ रात्रींचा असतो. आपल्या ठाण्यात बेने इस्रायली समाज पिढ्यानपिढ्या राहतोय, टेंभी नाक्याच्या बाजूला त्यांचं १८७९ मधलं सिनेगॉग आहे, त्यामुळे हा सण आपल्याला अगदी परका नाही. रोज रात्री दिवे लावायचे असतात. मफेरिमा तुरे-टिलरी आणि आयलेट फिशबाख या दोन अभ्यासकांनी २०१२ मध्ये अमेरिकेतल्या ज्यू लोकांबद्दल जे प्रसिद्ध केलं त्यात असं दिसलं, की पहिल्या आणि शेवटच्या रात्री दिवे लावणारे जास्त होते आणि मधल्या रात्री कमी. परंपरेनं आठही रात्री सांगितल्या आहेत, तरीही.

असं का होत असेल? आपण किती पुढे आलो, हे मन कशाच्या तरी तुलनेत बघतं. तुमच्यासमोर चाळीस धडे आहेत असं धरा. पहिला झाला की शून्याचा एक होतो. दुसरा झाला की झालेलं काम दुप्पट होतं. शेवटी दोनच उरले असतील, तर एक संपवल्यावर उरलेलं काम निम्मं होतं. पण विसावा धडा संपवलात, तर मागचे एकोणीस आणि पुढचे वीस यांच्यामध्ये तो दिसतच नाही. मेहनत पहिल्या धड्याएवढीच, कधी कधी जास्तच, आणि हाताला काही लागल्यासारखं वाटत नाही. मुलं मला येऊन सांगतात, 'मॅडम, माझ्यात जिद्द राहिली नाही.' मी त्यांना हा चाळीस धड्यांचा हिशोब कागदावर मांडून दाखवते. जिद्द तेवढीच असते, प्रगती दिसायची थांबलेली असते.

यावर एक साधी गोष्ट करता येते. मिनजुंग कू आणि फिशबाख यांनी ती त्याच वर्षी प्रयोगांतून मांडली. जी बाजू लहान आहे, तिच्याकडे बघा. अर्ध्याच्या अलीकडे असाल तर किती झालं ते लिहा, भिंतीवर लावा. अर्ध्याच्या पलीकडे गेलात की तो कागद काढा आणि किती उरलं तेवढंच लिहा. आपण बहुतेक उलटं करतो. दुसऱ्या आठवड्यातच 'अजून अडतीस उरले' म्हणून धास्तावतो.

दुसरी गोष्ट, मधला टप्पा आखूडच करायचा. मोठं काम अशा तुकड्यांत पाडायचं, की प्रत्येक तुकडा आपल्यापुरता पूर्ण असेल. इथं मला महामहोपाध्याय पां. वा. काणे आठवतात. मुंबई हायकोर्टात वकिली करणारा हा माणूस. १९२६ मध्ये त्यांनी 'व्यवहारमयूख' या संस्कृत ग्रंथाची आवृत्ती काढली. तिला प्रस्तावना म्हणून धर्मशास्त्राचा थोडक्यात इतिहास जोडावा, असा त्यांचा विचार होता. विषय हातात मावेना, तेव्हा तो वेगळा ग्रंथ झाला. 'हिस्टरी ऑफ धर्मशास्त्र'चा पहिला खंड १९३० मध्ये आला, दुसरा १९४१ मध्ये, तिसरा १९४६, चौथा १९५३. पाचवा दोन भागांत, १९५८ आणि १९६२ मध्ये. सगळी मिळून सुमारे ६,५०० पानं. शेवटचा भाग आला तेव्हा ते ब्याऐंशी वर्षांचे होते. पुढच्याच वर्षी भारतरत्न मिळालं आणि सगळ्यांना दिसलं ते हे शेवटचं वर्ष.

मी मात्र पहिल्या आणि दुसऱ्या खंडामधल्या अकरा वर्षांचा विचार करते. वकिली चालू आहे, एक खंड लोकांच्या हातात आहे, पुढचा येणार हे ठाऊक आहे आणि दर वर्षी सांगण्यासारखं नवीन काही नाही. पण पहिला खंड हा तोवर पूर्ण झालेला ग्रंथ होता. तो वाचता येत होता, त्याच्यावर चर्चा होऊ शकत होती. पाचही खंड एकदम काढायचे ठरवले असते, तर मधला टप्पा छत्तीस वर्षांचा झाला असता. तुम्ही एम.ए.ची तयारी करत असाल तर एका पेपरचं एक प्रकरण पूर्ण करा आणि ते कुणाला तरी समजावून सांगा. पेटी शिकत असाल तर एक भजन पूर्ण बसवा आणि घरच्यांसमोर वाजवा. यमन पूर्ण येईपर्यंत थांबू नका.

आता ठाणेकरांच्या दिवसाकडे येते. प्रेरणेवरची बरीच भाषणं मोकळा वेळ असलेल्या माणसासाठी केलेली असतात. घोडबंदर रोडवरून सकाळी स्टेशन गाठायचं, जलद लोकलमध्ये उभं राहायचं, आणि संध्याकाळी तोच प्रवास उलटा. अशा दिवसात 'मनापासून इच्छा असेल तर वेळ मिळतोच' असं म्हणणं मला अन्यायाचं वाटतं. इच्छा असते. रात्री साडेआठला ती थकलेली असते.

पीटर गोल्विट्झर या जर्मन मानसशास्त्रज्ञानं यावर आयुष्यभर काम केलंय. त्याचं म्हणणं असं की 'मी अभ्यास करीन' एवढं ठरवून भागत नाही. 'अमुक घडलं की मी तमुक करीन' असं जोडून ठरवलं, की ऐन वेळी मनाशी वाद घालावा लागत नाही. त्यानं आणि पास्कल शीरन यांनी २००६ मध्ये ९४ अभ्यासांचे निकाल एकत्र करून तपासले आणि या जोडणीचा परिणाम चांगलाच ठळक निघाला. यात एक अट आहे. जोडणी अशा गोष्टीशी हवी, जी तुमच्या दिवसात घडणारच आहे. 'वेळ मिळाला की' हे घडणारं काही नाही. 'ठाण्याला गाडीतून उतरले की' हे मात्र रोज घडतं.

माझ्याकडे एक ताई यायच्या. नोकरी फोर्टला, घर कासारवडवलीला, आणि इतिहासात एम.ए. करायचं वर्षानुवर्षांचं मनात. घरी पोचून सोफ्यावर बसल्या की त्या दिवशीचा अभ्यास संपला. आम्ही असं ठरवलं, की ठाण्याला उतरलं की घरची बस धरायची नाही. आधी स्टेशनजवळच्या वाचनालयात चाळीस मिनिटं बसायचं. आणि पावसानं गाड्या रखडल्या असतील, तर त्या दिवशी गाडीतच इअरफोन लावून एक व्याख्यान ऐकायचं. दुसरा भाग पहिल्याइतकाच महत्त्वाचा आहे. ठाण्यातल्या जुलैत नुसत्या पहिल्या भागावर कुणाचंच काम चालणार नाही. फेऱ्या मारणाऱ्यांनीही हे आत्ताच ठरवून ठेवा. पाऊस असेल तर सोसायटीचा जिना, इतके मजले, इतक्या वेळा.

या ताईंचं जमलं, पण ते नुसत्या ठरवण्यानं नाही. त्या चाळीस मिनिटं उशिरा येणार म्हटल्यावर घरी कुकर लावणं नवऱ्याकडे आलं, आणि त्यांनी ते मनावर घेतलं. बायकांच्या प्रेरणेबद्दल बोलताना कुकर कोण लावतं, हे आधी विचारायला हवं असं माझं ठाम मत आहे. या सभागृहात बसलेल्या नवऱ्यांना, मुलांना आणि सासवांना मी हे मुद्दाम सांगतेय. तुमच्या घरात कुणी काही शिकत असेल, तर त्याला मोकळी चाळीस मिनिटं द्या. तेवढं कुठलंही भाषण देऊ शकत नाही.

मग येतो चुकलेला दिवस. पाहुणे आले, ताप आला, ऑफिसात उशीर झाला. एक दिवस गेला, की आपण म्हणतो, 'आता हा आठवडा गेलाच, सोमवारपासून बघू.' सोमवारची ओढ अगदी खोटी नाही. आठवड्याच्या, महिन्याच्या, वर्षाच्या सुरुवातीला जिममध्ये जाणारे वाढतात, हे २०१४ मधल्या एका अभ्यासात दिसलंय. पाडव्याला आपणही नव्या वह्या आणतो. पण मंगळवारी खाडा झाला आणि सोमवारची वाट पाहिली, तर एका खाड्याचे सहा होतात. नुकसान त्या पाच दिवसांनी होतं.

एकवीस दिवसांत सवय लागते, असं तुम्ही ऐकलं असेल. त्यावर विसंबू नका. लंडनच्या फिलिपा लॅली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ९६ जणांना रोज एक नवी साधी सवय लावायला सांगितली आणि २०१० मध्ये निष्कर्ष छापले. ती गोष्ट अंगवळणी पडायला सरासरी ६६ दिवस लागले. कुणाला १८, तर कुणाला २५४ दिवस लागतील असा अंदाज निघाला. म्हणजे बाविसाव्या दिवशीही तुम्हाला कंटाळा येत असेल, तर तुमच्यात काही कमी आहे असं अजिबात नाही. त्याच अभ्यासात असंही दिसलं, की एखादा दिवस चुकल्यानं सवय लागण्यावर फारसा परिणाम होत नाही. मी हे वाक्य लोकांना वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवायला सांगते.

आता मागच्या रांगांसाठी. केंद्रीय नागरी सेवा परीक्षेला दरवर्षी लाखो अर्ज येतात आणि निवड होते हजारेकांची. खुल्या गटाला सहा संधी आणि वय बत्तीसपर्यंत. राज्यसेवेचं गणितही याच जातीचं आहे. इथं पुष्कळ हुशार, कष्टाळू, अखेरपर्यंत जिद्द धरून बसलेली मुलं यादीच्या बाहेर राहणार. त्यांना कुणी 'तुझी इच्छाशक्ती कमी पडली' म्हणालं, तर त्यांनी ते मुळीच ऐकून घेऊ नये. जागा कमी आहेत म्हणून ते बाहेर राहिले.

म्हणून थांबण्याबद्दलही बोललं पाहिजे. कार्स्टन व्रॉश आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००३ मध्ये मांडलं, की हाती न येणारं ध्येय सोडू शकणारी आणि दुसरं काही धरू शकणारी माणसं मनानं जास्त स्वस्थ असतात. सोडणं आणि पुन्हा धरणं, दोन्ही लागतं. पण हा निर्णय वाईट संध्याकाळी घ्यायचा नाही. मॉक टेस्टमध्ये मार्क कमी पडले, मित्राला नोकरी लागली, घरून फोन आला, त्या रात्री काहीच ठरवायचं नाही. आज, मन शांत असताना, एक तारीख लिहून ठेवा. 'अमुक परीक्षेच्या निकालानंतर महिन्याभरात मी पुढे जायचं की वळायचं ते ठरवीन, आणि तेव्हा आईशी आणि अमक्या मित्राशी बोलेन.' त्या तारखेपर्यंत हा प्रश्न दुपारी जेवताना पुन्हा पुन्हा उकरून काढायची गरज उरत नाही. मधल्या महिन्यांत अभ्यासापेक्षा याच प्रश्नानं माणूस जास्त थकतो, हे मी जवळून बघितलंय.

आणि घरच्यांनो, 'निकाल कधी?' हे विचारणं थांबवा. मधल्या टप्प्यावरच्या माणसाकडे त्याचं उत्तर नसतं. 'सध्या काय वाचतोयस?' असं विचारा आणि तो सांगेल ते पाच मिनिटं बसून ऐका. त्याला जे झालंय ते मोठ्यानं सांगायला मिळतं, आणि मघाशी मी ज्या न दिसणाऱ्या प्रगतीबद्दल बोलले, ती त्याला त्या पाच मिनिटांत दिसते.

आपण ठाण्यात आहोत. इथलं मराठी ग्रंथ संग्रहालय १८९३ पासून चालू आहे. स्थापनेचं वर्ष आपण पाठ म्हणतो. पण पन्नासाव्या किंवा साठाव्या वर्षी कुणी सकाळी कुलूप उघडलं, नोंदवहीत पुस्तकं लिहिली, फाटलेल्यांना पुट्ठा लावला, ती नावं आपल्यापैकी कितीजणांना माहीत आहेत? त्यांनी ते केलं म्हणून तुमच्या पिढीला तिथं जाऊन पुस्तक मागता येतं.

या वाचनालयाच्या कार्यवाहांशी मी बोलले आहे. येत्या रविवारपासून संध्याकाळी पाच वाजता वरच्या मजल्यावरची छोटी खोली आपल्याला मिळेल. चार-चार जणांचे गट करू. परीक्षावाले, पेटीवाले, चालणारे, सगळे मिसळून. प्रत्येकानं आठवड्यात काय झालं ते सांगायचं, चुकलेले दिवसही सांगायचे आणि पुढच्या आठवड्याची एक जोडणी बोलून दाखवायची. एकमेकांना सल्ले द्यायचे नाहीत. पाऊण तासात उठायचं. नावं खाली पुस्तक-देवघेवीच्या टेबलावर लिहून द्या. ज्यांना रविवारी जमत नाही त्यांनीही नाव लिहा आणि पुढे आपला वार टाका. पुरेसे लोक झाले तर बुधवारचाही गट करू.