चालत्या गाडीतला पडदा

मित्रहो, पुढच्या सीटच्या पाठीला बसवलेला पडदा घरातल्या टीव्हीसारखाच दिसतो. पण तो गाडीत कसा तग धरतो, हे पाहिल्यापासून मला त्याच्याबद्दल मोठं कौतुक वाटतं.

आधी विजेचं बघू. आपण 12 व्होल्टची बॅटरी म्हणतो, पण सेल मारताना स्टार्टर मोटर एवढा करंट ओढते की व्होल्टेज क्षणभर जवळपास निम्म्यावर येऊ शकतं. इंजिन लागलं की त्यावर फिरून वीज तयार करणारा अल्टरनेटर तेच 14 च्या आसपास नेतो. सिग्नलला आपोआप बंद होऊन पुन्हा सुरू होणाऱ्या गाड्यांत तर हे एकाच प्रवासात कितीतरी वेळा घडतं, आणि तरी मागच्या सीटवरच्या मुलाचं कार्टून थांबता कामा नये. म्हणून पडद्याआधी एक सर्किट बसवतात. ते पडलेलं व्होल्टेज उचलून धरतं आणि चढलेलं दाबतं. माझ्या मते या यंत्रणेचा खरा कणा हाच.

आता चित्राकडे येऊ. फुल एचडी पडद्यावर 1920 गुणिले 1080, म्हणजे वीस लाखांहून जास्त ठिपके. प्रत्येक ठिपक्याला 24 बिट, सेकंदाला 60 चित्रं. गुणाकार करा: सेकंदाला सुमारे 299 कोटी बिट! गाडीतले सेन्सर आणि कंट्रोलर ज्या कॅन बस नावाच्या तारांच्या जोडणीवर एकमेकांशी बोलतात, तिच्या मूळ प्रकाराची कमाल मर्यादा सेकंदाला 10 लाख बिट. तिथून चित्रपट जाणं शक्यच नाही. त्यामुळे व्हिडिओ येतो तो कॉम्प्रेस होऊन, साधारण 50 लाख बिटांत. डॅशबोर्डमधलं हेडयुनिट, म्हणजे गाणी-व्हिडिओ चालवणारं मुख्य यंत्र, तो उलगडतं, आणि उलगडलेलं चित्र एक चिप ओळीने लावून एकाच बारीक केबलमधून मागे पाठवते. पडद्याजवळची दुसरी चिप त्याची पुन्हा मांडणी करते.

कॅन बसचं काम मात्र इथेही आहे. गाडीचा वेग तिच्यावरूनच कळतो, आणि चाकं फिरू लागली की ड्रायव्हरला दिसणारा व्हिडिओ बंद होतो. बाहेरून बसवलेल्या सेटमध्ये यासाठी हँडब्रेकची एक वायर असते. काही जण ती थेट गाडीच्या धातूच्या बॉडीला जोडून (अर्थिंग करून) हे कुलूप चुकवतात. कृपा करून असं करू नका. ताशी 60 किलोमीटर वेगाने दोन सेकंद पडद्याकडे पाहिलंत, तर गाडी 33 मीटर पुढे गेलेली असते.

ड्रायव्हरला नकाशा आणि शेजारच्याला चित्रपट, तेही एकाच पडद्यावर? होतं तसं. ठिपक्यांच्या उभ्या रांगा एकाआड एक दोघांत वाटायच्या आणि पडद्यावर बारीक फटींचा थर ठेवायचा. डावीकडून एका रांगा दिसतात, उजवीकडून दुसऱ्या. मर्सिडीजने 2009 मध्ये एस-क्लासमध्ये असा पडदा दिला. यात आडवे ठिपके प्रत्येकाच्या वाट्याला निम्मेच येतात. आणि आवाज फटींनी अडत नाही, म्हणून चित्रपट पाहणाऱ्याने हेडफोन लावायचा.