मोतीबिंदूच्या ऑपरेशनमध्ये बाहुली उघडलीच नाही तर?

नमस्कार. मोतीबिंदूच्या ऑपरेशनआधी डोळ्यात पुन्हा पुन्हा थेंब घालतात, ते बाहुली मोठी करण्यासाठी. मोतीबिंदू बाहुलीच्या मागे असतो आणि सर्जनला सगळं काम बाहुलीतूनच करायचं असतं. ती 7-8 मिलिमीटर उघडली तर उत्तम. काहींची 5 मिलिमीटरही उघडत नाही. मग भिंगाची नाजूक पिशवी नीट दिसत नाही आणि ती फाटण्याचा धोका वाढतो. नवीन भिंग तर त्याच पिशवीत बसवायचं असतं!

जुना मधुमेह, काचबिंदूसाठी वर्षानुवर्षं घातलेले पायलोकार्पिनचे थेंब, अशी याची कारणं असतात. कधी डोळ्याला पूर्वी सूज येऊन गेलेली असते आणि बाहुलीची कड भिंगाला चिकटून बसते.

पण मला आज बोलायचंय ते टॅम्सुलोसिनबद्दल. प्रोस्टेट वाढल्यावर लघवी मोकळी व्हावी म्हणून देतात ती गोळी. बाहुली उघडणाऱ्या स्नायूवरही ती परिणाम करते. बुबुळाचा रंगीत पडदा ढिला पडतो, आतल्या पाण्याच्या प्रवाहात फडफडतो, छेदातून बाहेर यायला बघतो आणि सुरुवातीला बरी उघडलेली बाहुली ऐन ऑपरेशनमध्ये आकसत जाते. 2005 मध्ये चँग आणि कॅम्पबेल या डॉक्टरांनी हे पहिल्यांदा नीट मांडलं.

आधी माहीत असेल तर सर्जन तयारीनिशी उतरतात. डोळ्याच्या आत फेनिलेफ्रिन हे बाहुली मोठी करणारं औषध सोडतात, घट्ट जेलने पडदा बाजूला सारतात, पाण्याचा प्रवाह कमी ठेवतात. एवढ्यानं भागलं नाही तर बारीक हुक लावतात, किंवा मल्युगिन रिंग बसवून बाहुली 6-7 मिलिमीटरवर धरून ठेवतात. काम संपलं की रिंग काढून घेतात. चिकटलेली बाहुली सोडवून ताणली तर उघडते. या ढिल्या पडद्याला मात्र ताणून उपयोग नाही, तो परत आकसतो. म्हणूनच कारण आधी कळणं इतकं महत्त्वाचं आहे.

गोळी स्वतःच्या मनानं बंद करू नका. बंद केल्यानं हा धोका टळेलच असं नाही, उलट लघवी अडू शकते. पूर्वी घेत होता आणि आता थांबवली असेल, तरीही डोळ्यांच्या डॉक्टरांना सांगा. मुतखड्यासाठी ही गोळी बायकांनाही देतात, आणि त्यांना हे विचारायचं राहून जाऊ शकतं. त्यांनी तर स्वतःहूनच सांगावं.