टेनिसमधला तीनशेवा क्रमांक आणि ५२ आठवड्यांचा हिशेब

नमस्कार मंडळी. एरवी मी या वाहिनीवर रॅकेट, तारा आणि गटिंग, म्हणजे रॅकेटला तारा ताणून बसवणे, यांविषयी बोलतो, कारण नाशिकमध्ये माझा व्यवसायच तो आहे. आज मात्र पैशांविषयी बोलणे भाग आहे. ऑक्टोबर २०२५ मध्ये मोनॅकोच्या व्हॅलेंटिन वाशरोने शांघायची मास्टर्स, म्हणजे ग्रँड स्लॅमच्या खालोखालच्या दर्जाची, स्पर्धा जिंकली, आणि तेव्हापासून एकच प्रश्न वेगवेगळ्या शब्दांत येत आहे : जगातल्या २०४ व्या क्रमांकाच्या खेळाडूला एका स्पर्धेत अकरा लाख डॉलरहून अधिक, म्हणजे सुमारे दहा कोटी रुपये मिळत असतील, तर आपल्याकडचे दोनशे-तीनशेच्या घरातले खेळाडू सतत पैशांची तक्रार का करतात?

मास्टर्स स्पर्धा जिंकणारा इतक्या खालच्या क्रमांकाचा खेळाडू त्यापूर्वी कोणी झाला नव्हता, हे प्रश्न विचारणाऱ्यांनी आधी लक्षात घ्यावे. शांघायमध्ये त्याला थेट प्रवेशही नव्हता. पात्रता फेरीच्याच प्रतीक्षायादीत त्याचे नाव होते आणि वरच्या काही जणांनी माघार घेतली म्हणून तो कोर्टवर उतरू शकला. हाच वाशरो २०२४ च्या फेब्रुवारीत पुण्याला बालेवाडीत चॅलेंजर स्पर्धा जिंकून गेला होता. सिन्नर-संगमनेरचा रस्ता धरून त्या आठवड्यात आपल्यापैकी किती जण तो सामना पाहायला गेले होते, हे ज्याने-त्याने स्वतःला विचारावे.

स्पर्धांची उतरंड बहुतेकांना ठाऊक असल्यामुळे ती मी भराभर सांगतो. सर्वांत खाली एम-१५ आणि एम-२५, त्यावर चॅलेंजर, त्यावर एटीपी या पुरुष व्यावसायिकांच्या संघटनेची टूर (मास्टर्स स्पर्धा यातल्याच), आणि शिखरावर चार ग्रँड स्लॅम. एम-१५ म्हणजे संपूर्ण स्पर्धेच्या बक्षिसांची रक्कम १५,००० डॉलर. त्यातले एकेरीच्या विजेत्याला २,१६० डॉलर आणि पहिल्या फेरीत हरणाऱ्याला १५६ डॉलर मिळतात. मागे मी हा आकडा सांगितला, तेव्हा एका प्रेक्षकाने लिहिले होते की, आठवड्याला तेरा-चौदा हजार रुपये वाईट नाहीत. या महाशयांनी त्यातून त्या देशातला कर कापावा, हॉटेलचे भाडे, जेवण आणि पुढच्या गावाचे तिकीट वजा करावे, आणि उरलेल्या रकमेतून प्रशिक्षकाचे मानधन देऊन दाखवावे. आंतरराष्ट्रीय टेनिस महासंघाने २०१३ च्या आकड्यांवर केलेल्या पाहणीत असे दिसले होते की, प्रशिक्षकाचा खर्च अजिबात धरला नाही, तरीही जमाखर्चाची तोंडमिळवणी पुरुषांत ३३६ व्या आणि महिलांत २५३ व्या क्रमांकाच्या आसपास होते. त्याच्या खालचा प्रत्येक जण घरचे पैसे घालून व्यावसायिक खेळाडू म्हणवून घेत असतो.

२०२४ पासून एटीपीने पहिल्या २५० खेळाडूंसाठी किमान उत्पन्नाची हमी दिली आहे. २०२४ मध्ये ती पहिल्या शंभरात असणाऱ्याला तीन लाख डॉलर, १०१ ते १७५ मधल्यांना दीड लाख आणि १७६ ते २५० मधल्यांना ७५ हजार अशी होती; पात्र खेळाडूची बक्षिसांची कमाई त्याहून कमी पडली, तर फरक एटीपी भरून देते. योजना चांगलीच आहे; फक्त २५१ व्या क्रमांकावर ती संपते.

आता मुख्य मुद्दा. कोणत्या स्पर्धेत प्रवेश मिळणार, हे क्रमवारीवर ठरते, आणि क्रमवारीचे गुण ५२ आठवडे टिकतात व त्यानंतर गळून पडतात. हे वाक्य ऐकून सगळे मान डोलावतात आणि दुसऱ्याच दिवशी मला विचारतात की, अमुक खेळाडू तर या आठवड्यात जिंकला, मग त्याचा क्रमांक घसरला कसा? गेल्या हंगामातल्या द्राक्षांच्या पैशांवर या हंगामातली फवारणी होत नाही, हे नाशिकच्या माणसाला सांगावे लागत नाही; क्रमवारीच्या बाबतीत मात्र तोच माणूस गोंधळतो.

सुमित नागलचे उदाहरण घ्या. जानेवारी २०२४ मध्ये ऑस्ट्रेलियन ओपनला तो पात्रता फेरीतून आला आणि त्याने ३१ व्या मानांकित अलेक्झांडर बुब्लिकला हरवले. ग्रँड स्लॅममध्ये मानांकित खेळाडूला एकेरीत हरवणारा तो १९८९ च्या रमेश कृष्णन यांच्यानंतरचा पहिला भारतीय पुरुष. पात्रता आणि दुसरी फेरी मिळून त्याला ८० गुण मिळाले. वर्षभराने तो क्रमवारीच्या जोरावर थेट मुख्य फेरीत खेळला, पहिल्याच सामन्यात टॉमस माखाचकडून हरला आणि त्याला १० गुण मिळाले. म्हणजे ८० गेले आणि १० आले. या पराभवाचेही १,३२,००० ऑस्ट्रेलियन डॉलर त्याला मिळाले. खात्यात मोठी रक्कम आली आणि नेमक्या त्याच पंधरवड्यात क्रमवारीला खिंडार पडले. 'पैसे मिळाले, म्हणजे बरे चालले आहे' असा निष्कर्ष काढणाऱ्यांनी हे उदाहरण लिहून ठेवावे.

आता हीच गोष्ट तळाकडून पाहू. माझ्याकडे गटिंगला येणारा एक मुलगा एका वर्षी एम-१५ स्पर्धेच्या अंतिम फेरीत पोहोचला होता; त्याचे ८ गुण होते. पुढच्या वर्षी त्याच आठवड्यात तो दुसऱ्या एका एम-१५ स्पर्धेच्या उपांत्य फेरीपर्यंत गेला, त्याला ४ गुण मिळाले, घरच्यांनी पेढे वाटले, आणि सोमवारी नवी क्रमवारी आली, तेव्हा तो खाली गेलेला होता. त्याची आई मला विचारत होती की, संगणकाची काही चूक असेल का. चूक कसलीच नव्हती. तो वाईट खेळला म्हणून घसरला नव्हता, तर गेल्या वर्षीइतके चांगले खेळला नाही म्हणून घसरला होता, आणि या दोन गोष्टी वेगळ्या आहेत.

तिसरी बाजू दुखापतीची. सहा महिन्यांहून अधिक काळ बाहेर राहिलेल्या खेळाडूला संरक्षित क्रमांक मिळू शकतो, ज्याच्या आधारे त्याला मोजक्या स्पर्धांमध्ये प्रवेश मिळतो. कोपराच्या दुखण्याने चार महिने घरी बसलेल्याला मात्र तो मिळत नाही, आणि त्या चार महिन्यांत गळायचे ते गुण ठरलेल्या सोमवारी गळतच राहतात. परतल्यावर त्याला खालच्या पायरीच्या स्पर्धा खेळाव्या लागतात, जिथे बक्षीस कमी, गुण कमी आणि राहण्याचा खर्च बहुधा स्वतःचा. चॅलेंजरच्या मुख्य फेरीत निदान हॉटेलची खोली मिळते. म्हणूनच अर्धवट बरा झालेला कोपर घेऊन मुले खेळायला उतरतात, आणि मग आपण म्हणतो की, याचा फॉर्म गेला.

फॉर्म या शब्दावर माझा राग आहे, कारण तो जणू हवामानासारखा आपोआप येतो-जातो असे गृहीत धरले जाते. माझ्या टेबलावरून तो वेगळा दिसतो. पॉलिएस्टरची तार सहसा लवकर तुटत नाही, पण तिचा ताण फार लवकर उतरतो. वरच्या पातळीवरचे खेळाडू म्हणूनच प्रत्येक सामन्यासाठी नव्याने गटिंग करून घेतात. चांगली तार आणि मजुरी मिळून एका रॅकेटला हजाराच्या पुढे खर्च येतो, त्यामुळे स्वतःच्या पैशांनी खेळणारा मुलगा तार तुटेपर्यंत तीच वापरतो. ताण उतरला की चेंडू बेसलाइनच्या बाहेर जाऊ लागतो. मुलगा हात आखडता घेतो, फोरहँड बदलतो, आणि बरोबर प्रशिक्षक नसल्यामुळे दोष तारेचा आहे की हाताचा, हे त्याला सांगणारे कोणी नसते. काही आठवड्यांनी तो माझ्याकडे येतो तेव्हा रॅकेट दुरुस्त होते. बिघडलेला फोरहँड सुधारायला पुढचा हंगाम जातो. पैशांची चणचण आधी येते आणि फॉर्म नंतर जातो, हा क्रम मी पुन्हा पुन्हा पाहिला आहे.

नागलच्याच बाबतीत पाहा. २०१९ मध्ये अमेरिकन ओपनला त्याने फेडररकडून एक सेट घेतला, २०२० मध्ये तो १२२ व्या क्रमांकापर्यंत गेला, २०२१ च्या अखेरीस नितंबाच्या सांध्यावर शस्त्रक्रिया झाली आणि तो पाचशेच्याही बाहेर फेकला गेला. तिथून वर येत असताना, सप्टेंबर २०२३ मध्ये, एकेरीत भारताचा अव्वल खेळाडू असताना, त्याने सांगितले की, बँकेत केवळ ९०० युरो, म्हणजे सुमारे ऐंशी हजार रुपये, शिल्लक आहेत. वर्षाचा खर्च ८० लाख ते एक कोटी रुपये होतो, तोही एकच प्रशिक्षक बरोबर ठेवून, असेही त्याने सांगितले होते. त्यावर 'जर्मनीत राहतो आणि गरिबी सांगतो' असे लिहिणारे आपल्यापैकीच होते. जुलै २०२४ मध्ये तो ६८ व्या क्रमांकावर पोहोचला, तेव्हा तेच लोक अभिनंदन करत होते.

'मग दुहेरी का खेळत नाहीत?' हाही नेहमीचा प्रश्न. अनेक जण खेळतात, आणि रोहन बोपण्णा ४३ व्या वर्षी अव्वल क्रमांकावर पोहोचला हे खरेच आहे. पण खालच्या स्पर्धांत दुहेरीचे बक्षीस एकेरीहूनही कमी असते आणि ते दोघांत वाटले जाते.

नाशिकचे जे पालक मुलाला पाच-सहा आठवडे परदेशात खेळायला पाठवण्याच्या विचारात आहेत आणि मला तिकिटांचे भाव विचारतात, त्यांनी आधी मुलाच्या क्रमवारीचे पान उघडून त्या आठवड्यांत कोणते गुण गळणार आहेत, ते कागदावर मांडावे. शेजारी, त्या स्पर्धांत किती फेऱ्या जिंकल्यावर तेवढे गुण परत येतील, ते लिहावे. प्रवेशयाद्या स्पर्धेच्या साधारण अडीच आठवडे आधीच्या क्रमवारीवर ठरतात, त्यामुळे स्वस्त तिकिटाच्या मोहाने महिनाभर आधी आरक्षण करू नये. ऐन वेळी नाव प्रतीक्षायादीत गेले, तर तिकिटाचे पैसे बुडतात. आणि तारांची दोन-चार वेष्टने इथूनच बरोबर न्यावीत.