28 दिवस जगलेलं वादळ

नमस्कार मंडळी! 'निसर्ग' चक्रीवादळ आठवतंय ना? 2020 साली 1 जूनला तयार झालं, 3 तारखेला रायगडच्या किनाऱ्यावर आदळलं, 4 तारखेला ओसरलंसुद्धा. आजचा आपला पाहुणा 28 दिवस टिकला. साल 1899. अटलांटिकमधला हा विक्रम अजून कुणी मोडलेला नाही.

नाव सान सिरियाको. कॅरिबियन समुद्रातल्या प्वेर्तो रिको बेटावर तेव्हा चर्चचं पंचांग बघायचे आणि त्या दिवशी ज्या संताचा सण, त्याचं नाव वादळाला ठेवायचे. (लोकांनी मनातल्या मनात आणखीही नावं ठेवली असणारच.)

3 ऑगस्टला ते आफ्रिकेच्या बाजूला समुद्रात होतं, 8 तारखेला प्वेर्तो रिकोवर. वाऱ्यापेक्षा पाणी भयंकर. उमाकाओ गावात एका दिवसात सुमारे 58 सेंटीमीटर पाऊस! नद्या फुगल्या आणि तीन हजारांहून जास्त माणसं गेली, बहुतेक बुडून. कॉफीचे मळे झोपले. कॉफीचं झाड म्हणजे मेथीची जुडी नव्हे, नवीन लावलं तर फळ धरायला काही वर्षं जातात. तोवर खायचं काय? 1900 पासून हजारो लोक थेट हवाईला गेले, उसाच्या मळ्यांत राबायला.

वादळ मात्र पुढे निघालं. बहामा, मग अमेरिकेचा हॅटरसचा किनारा. 18 ऑगस्टच्या पहाटे तिथे रॅस्मस मिजेट नावाचा जीवरक्षक घोड्यावरून एकटाच गस्त घालत होता. अंधारात हाका ऐकू आल्या. 'प्रिसिला' जहाज फुटलं होतं. मदत आणायला ठाण्यावर जावं, तर परत येईपर्यंत सगळं संपलेलं असणार. मग गड्यानं काय केलं? लाट मागे सरली की धावत जहाजापाशी जायचं, "एकेकानं उडी मारा!" म्हणून ओरडायचं, आणि पुढची लाट यायच्या आत माणसाला ओढत वाळूवर आणायचं. असे सात. उरलेल्या तिघांत उडी मारायचंही त्राण नव्हतं, त्यांना त्यानं खांद्यावरून आणलं.

आता गंमत बघा. वादळाचं इंजिन चालतं कोमट समुद्राच्या वाफेवर. 22 ऑगस्टला हे त्या अर्थानं 'मेलं', नुसतं साधं थंड प्रदेशातलं वादळ उरलं. पण 26 तारखेला पुन्हा उष्णकटिबंधीय झालं! मधले चार दिवस 28 मध्ये धरलेलेच नाहीत, बरं का. सप्टेंबरच्या सुरुवातीला युरोपच्या बाजूच्या अझोर्स बेटांपर्यंत पोचलं. म्हणजे महासागर एकदा इकडून तिकडे ओलांडला आणि पुन्हा बराचसा उलटा.